जांभळे ठिपके

मावशीच्या कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि ठिपक्याने नाकाला रुमाल लावला. आत मेलेली झुरळं, धुळीच्या थरात गुरफटलेले रंगीत दोरे आणि या सगळ्यावर कुजक्या मासळीसारखा वास. झुरळांची त्याला सवय होती. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने झुरळांना नाक मुरडून कसं चालेल? पण हा वास फुटलेल्या कपॅसिटरचा, बोर्डावर वीज साठवणाऱ्या नळकांड्यांचा होता आणि तो या डब्यातून यायलाच नको होता.

"होईल ना रे?" मावशीने विचारलं. आई गेल्यावर ठिपक्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला हिनेच वाढवलं, लोकांच्या कपड्यांवर भरतकाम करून. आता तिचं मोठं मशीन या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवरच चालायचं. नव्याशी त्याचं जमत नव्हतं. शाळेच्या गणवेशांवरची चिन्हं उद्या सकाळी द्यायची होती. नाही दिली तर शाळा दुसऱ्याकडे जाणार, आणि शाळा गेली की मावशीचं दुकान बसलंच.

ठिपक्याने बोर्ड बाहेर काढला. सगळे कपॅसिटर फुगलेले, डोक्यावर तपकिरी चिकट घाण. आणि एकाच्याही डोक्यावर ठिपका नव्हता.

तपासल्याशिवाय बोर्डावर काही लावायचं नाही, हा त्याचा हट्ट. मीटरवर जो भाग चांगला निघेल त्याच्या डोक्यावर तो बायकोच्या नेलपॉलिशचा जांभळा ठिपका द्यायचा. थोरल्या भावाने त्यावरून चिडवायला ठेवलेलं 'ठिपक्या' हे नाव सगळ्या बाजाराने उचललं. मावशीच्या बोर्डावर त्याने स्वतः ठिपकेवाले कपॅसिटर लावले होते. त्यांना काय पाय फुटले?

"मावशी, हा मध्ये कुणी उघडला होता?"

"तुझा दादा घेऊन गेला होता की. तू सासुरवाडीला गेला होतास ना, तेव्हा. म्हणाला, धूळ साफ करून देतो. एवढं ओझं, पण लेकराने स्वतः परत आणून दिलं."

ठिपक्याने मान वळवली.

दोघांच्या या दुकानाच्या काउंटरवर दादा फोनवर खिदळत होता. त्याच्यापुढचा कॉम्प्युटरही मावशीच्याच जातकुळीतला. कित्येक दिवस मरून पडलेला, आणि ठिपक्या सासुरवाडीहून परतला तेव्हा अचानक ठणठणीत. "मलाही येतं म्हटलं थोडंफार," दादा तेव्हा मिशीत हसला होता. आणि आपण गाढवासारखं त्याचं कौतुक केलं होतं!

ठिपक्या उठला, वायर उपटली आणि काउंटरवरचा डबा उघडला. जांभळे ठिपके ओळीने बसले होते.

"अरे, बिल करतोय ना मी!" दादाने फोन ठेवला आणि आवाज खाली आणला. "तमाशा करू नकोस. इथे दिवसभर गिऱ्हाईक असतं. तिचं आपलं फुलापानांचं काम. भंगारातले लावून दिले, चालले की नाही इतके दिवस? आताही तसलेच लाव. तिला काय कळतंय?"

असं म्हणत त्याने मावशीने आणलेल्या पिशवीतलं केळं सोललं आणि अख्खं तोंडात कोंबलं. त्या मचमचणाऱ्या तोंडाची ठिपक्याला अशी किळस आली की वाटलं, आत्ता ओकणार आपण. याच तोंडात मावशीने घास भरवले होते.

ठिपकेवाले कपॅसिटर त्याने काढले, एकेक पुन्हा मीटरवर तपासला, मावशीच्या बोर्डावर बसवला. बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर शाळेचं चिन्ह आलं.

दादा हात पुसत पुढे आला. "बघ मावशी! माझ्या मशीनमधले काढून दिले तुला. घरच्यांसाठी एवढं करायलाच लागतं."

मावशीने काउंटरवरच्या उघड्या डब्याकडे पाहिलं, मग आपल्या बोर्डाकडे.

"डोळे गेलेत माझे," ती म्हणाली, "पण इतके नाही गेले. ठिपके कुणाचे ते दिसतं मला."

दादाने पुन्हा फोन उचलला. ठिपक्याने मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि नेलपॉलिशची बाटली मावशीच्या पिशवीत टाकली. कॉम्प्युटर उचलून कडेवर घेतला.

"तुझ्या दुकानात माझ्यासाठी एखादं टेबल रिकामं आहे का गं?"

"आहे. पण दोरे फार उडतात तिथे. नाकातोंडात जातात."

"जाऊ देत," ठिपक्या म्हणाला. "दोऱ्यांना वास नसतो."