वीतभर वर राहिलेला गुडघा

बारा वर्षं योग शिकवून झाल्यावर मला शरीरशास्त्र शिकायला बसवलं, तेव्हा नाकाला मिरच्याच झोंबल्या. प्रमाणपत्राशिवाय यापुढे वर्ग घेता येणार नाही म्हणे. घ्या! निम्म्या गावाच्या पाठी मी सरळ केल्या, आणि आता मी हाडं ओळखत बसायचं.

तिसऱ्या दिवशी सरांनी मांडीची दोन हाडं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. दोन वेगळ्या माणसांची. खुब्यात बसणारा गोळा दोन्हींना होता, पण त्याखालची मान एकाची एकीकडे वळलेली, दुसऱ्याची भलतीकडेच.

"तळव्याला तळवा लावून फुलपाखरासारखं बसल्यावर याचे गुडघे जमिनीला टेकतील," पहिल्या हाडावर बोट ठेवून सर म्हणाले. "या दुसऱ्याचे जन्मात टेकणार नाहीत. हा स्नायूंचा प्रश्नच नाही. हाडावर हाड अडतं."

"आणि कुणी वरून दाबलं तर?" मी विचारलं.

"मधली कुर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, चिरडते." सर पुढच्या हाडाकडे वळले.

माझ्या पायांखालची जमीन सरकली. धाकटी नणंद माझी पहिली विद्यार्थिनी. घरात सगळे माझ्या योगाची टिंगल करत होते, तेव्हा ती एकटी सतरंजी घेऊन माझ्यासमोर येऊन बसली होती. फुलपाखरात तिचा डावा गुडघा वीतभर वरच राहायचा. तीन वर्षं मी त्या मांडीवर अंगाचा सगळा भार टाकला. वर तोंडाचा पट्टा चालूच: "सोड गं, धरून ठेवू नकोस. पाय कुठला अडतोय, तुझं मन घाबरतंय!" गेल्या वर्षापासून ती लंगडते. येत्या मंगळवारी तिचा खुबा बदलणार आहेत. बेचाळिसाव्या वर्षी.

वर्ग सुटताच मी तडक तिच्या घरी गेले. तिचं हाड टेबलावरच्या त्या पहिल्या हाडासारखं असू दे, एवढंच वाटभर वेड्यासारखी घोकत होते. ती पलंगावर पाय लांब करून बसली होती.

"डॉक्टर नेमकं काय म्हणाले गं?"

"हाडाची ठेवणच जन्मापासून अशी आहे म्हणाले. मी म्हटलं, आमच्या वहिनीनं माझ्यासाठी जिवाचं रान केलं, मीच कमी पडले."

तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं मला. पण सांगून टाकलं सगळं. "तुझा गुडघा कधीच टेकणार नव्हता. तुझ्या सांध्याची मी वाट लावली. मी, माझ्या हातांनी."

ती बराच वेळ चादरीची चुणी सारखी करत राहिली.

"म्हणजे मी घाबरट नव्हते, वहिनी?"

"नव्हतीस गं."

"मला वाटायचं, एवढं दुखतंय म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे. म्हणून ओरडले नाही कधी."

आणि ती लहान मुलीसारखी हमसून हमसून रडायला लागली. तिला जवळ घ्यायला मी पुढे वाकले, हात पुढे केला. तशी तिनं झटकन दोन्ही हातांनी आपली डावी मांडी झाकून घेतली.