न चमकणारा साप

न्यूर्नबर्गात सापांची चित्रं करावीत ती आमच्याच घराने. माझा मुलगा फाइट तांब्याच्या पत्र्यावर साप कोरतो, कागदावर छापतो. रंग भरायचे मी आणि सून कुनिगुंडेने. मला सहीपुरतंच लिहिता येतं, पण मोठमोठे डॉक्टर माझ्या दारात टोपी काढून उभे राहतात.

त्या हिवाळ्यात डॉक्टर ओर्टल टोपलीत एक विषारी साप घेऊन आले. लाकूडतोड्यांना झाडाच्या मुळाशी सापडलेला, काठीसारखा ताठ. "दारूच्या बरणीत घातला की रंग उडतो, म्हणून तसाच आणलाय. मेलेला आहे," म्हणाले आणि गेले.

गारठ्याने बोटं वळत नव्हती. आम्ही भट्टीला चिकटून बसलो आणि टोपलीही तिथेच ठेवली.

"सासूबाई, मेलाय ना नक्की?"

"तुझ्या बापाच्या अब्रूपेक्षा जास्त. रंग घोट."

रंगवलेला कागद टांगला की रंग ओघळतो, म्हणून आम्ही जमिनीवर पसरतो. ओला असेपर्यंत तो चमकतो. वाळलेले कागद गोळा करणं हा माझ्या नातीचा, लोनीचा खेळ. ओल्याला हात लावायचा नाही, हे आमच्या घरात पोरं बोलायच्या आधी शिकतात.

एका सापाचा डोळा भरून मी मान वर केली. टोपली रिकामी होती.

जमीनभर सापच साप, सगळे एकाच वेटोळ्यातले, आणि मधोमध लोनी. कुनिगुंडेने तोंड उघडलं, तसं मी तिचं मनगट आवळलं. ओरडली असती तर पोर धावली असती. एकेक कागद बघत गेले. सगळे चमकत होते. लोनीच्या गुडघ्याजवळचा चमकत नव्हता. तिने हात पुढे केला.

"लोनी, तो ओला आहे."

"नाही आजी, वाळलाय. चमकत नाही बघ."

"आत्ताच रंगवलाय मी."

"तुला दिसत नाही नीट."

"ओल्याला हात लावला तर काय होतं?"

"जेवण नाही मिळत."

"मग?"

हात नाइलाजाने मांडीवर परत आला. चित्राने जीभ बाहेर काढली.

मी रंगकामाची फळी त्याच्यावर आपटली आणि वर चढून उभी राहिले. कुनिगुंडेने पोरीला उचलून दाराबाहेर नेलं.

"आजीने ओला कागद तुडवला," लोनी रडत सांगत होती.

फळीखाली काहीतरी सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं.

"सासूबाई, उतरा ना आता."

"फाइटला बोलाव," मी म्हटलं. आणि टाचा फळीवर आणखी दाबल्या.