अकराव्या दिव्यापर्यंत

"बिल्ले मोजायचे तर मोज, पण त्यांच्यावर विसंबू नकोस. सगळे वर आले की आपण खाली उतरायचं. अकराव्या दिव्यापर्यंत. तिथं उभं राहून एकदा हाक मारायची, मनात एकवीस आकडे म्हणायचे आणि मगच वर येऊन घंटा द्यायची. एक दिवसही चुकवायचं नाही. देशील शब्द?"

"दिला, बाई."

दहा वर्षांपूर्वी भुयाराची किल्ली हातात ठेवताना तिच्याआधीच्या गाईड, मोठ्या बाई, असं म्हणाल्या होत्या, आणि तिनं शब्द दिला होता.

नदीकाठच्या त्या जुन्या बाजारपेठेत लोक फिरायला येत तेव्हा त्यांना दाखवायला चार गोष्टी होत्या. चार तोंडांचं घड्याळ, लोखंडी पूल, होडीवाल्याचा पुतळा आणि सगळ्यांत शेवटी भुयार. ती तिथली गाईड. आवाज इतका मऊ, की कर्णा तोंडाला लावल्याशिवाय तिसऱ्या माणसाला ऐकू जाऊ नये. म्हणून काठावरचे सगळे तिला हौसेनं 'भोंगाताई' म्हणत. ती रागवत नसे. सकाळी देवापुढे दिवा लावताना ती एवढंच मागायची, की आज जेवढी माणसं माझ्यामागे येतील तेवढी सुखरूप घरी जाऊ देत.

भुयार पूर्वी मालाच्या होड्यांसाठी बांधलेलं. गोदामांच्या पोटातून उतरत उतरत ते थेट नदीपर्यंत जायचं आणि नदीकडच्या तोंडाशी, अकराव्या म्हणजे शेवटच्या दिव्यापुढे, एक लोखंडी दार होतं. दिवसभर दार बंद, आत माणसं. संध्याकाळी वरच्या धरणाचं पाणी सुटून नदी चढली की दार उघडायचं, पाणी आत घ्यायचं, आणि पहाटे उतरताना ते सगळा गाळ आपल्याबरोबर ओढून न्यायचं. दाराचं चाक काठावरच्या खोपटात होतं. चाक फिरवणारे काका तिथे बसत. भुयाराच्या पायऱ्यांपाशी तार ओढली की खोपटात घंटा वाजे; दोनदा वाजली, की भुयार रिकामं. मग काका दार उघडत. पाऊण तासात पाणी छताला लागे.

आत जाताना प्रत्येकाला एक पितळी बिल्ला मिळे. अठ्ठावीस बिल्ले. बाहेर आलं की ज्यानं त्यानं आपला बिल्ला पाटीवरच्या खिळ्याला टांगायचा. पाटी भरली की माणसं बाहेर, असा हिशेब.

आठ वर्षं ती रोज शेवटपर्यंत गेली. जसा जप, तसं ते. मग एका संध्याकाळी, नवव्या दिव्यापाशी असताना, सगळे दिवे गेले. अंधार असा की डोळे उघडे आहेत का मिटलेले, ते बोटानं चाचपून बघावं लागलं. आणि तिच्या कानाशी कुणीतरी श्वास घेत होतं. तो आपलाच श्वास आहे हे कळायला तिला किती वेळ लागला, देव जाणे. भिंतीला खरचटत ती वर आली, ती घामानं निथळत.

दुसऱ्या दिवशी ती सातव्या दिव्यापर्यंत गेली आणि तिथूनच हाक मारली. महिनाभरानं चौथ्यापर्यंत. मग पायऱ्यांवरूनच. मग पाटी भरली की तेवढ्यावरच. नेम मोडायला कारण लागत नाही, निमित्त पुरतं. दर रविवारी ती मोठ्या बाईंना भेटायला जाई. बाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी पडून असत. दर रविवारी त्या विचारत, "शेवटपर्यंत जातेस ना गं?" आणि दर रविवारी ती म्हणे, "जाते, बाई." एवढं एक खोटं सोडलं तर तिच्या तोंडी खोटं नव्हतं, आणि ते एकच तिला रात्री झोपू देत नव्हतं.

त्या दिवशीची शेवटची फेरी अठ्ठावीस जणांची होती. घड्याळाखाली तिनं नेहमीची गंमत सांगितली. "याची चारही तोंडं वेगवेगळी वेळ दाखवतात. घरी जायला उशीर झाला, तर कुठल्या तोंडाकडे बघितलं होतं ते आधी ठरवून ठेवा."

"ह्यांना तोंड कशाला लागतंय? ह्यांना तर वेळच कळत नाही," हिरव्या स्वेटरमधल्या एक मावशी म्हणाल्या आणि सगळे हसले. शेजारी त्यांचे यजमान, उंच, वाकलेले, मान वर करून घड्याळाचं दगडकाम बघत होते. आयुष्यभर बांधकामावर मुकादम होते, मावशींनीच सांगितलं. "देवळात नेलं तर देव बघायचे नाहीत, खांब बघतील. आणि ते कानातलं नीट बसवा हो, ताई काय सांगतात ते ऐकू येऊ दे!"

"कर्णा लागला की शिट्टी मारतं ते," मुकादम म्हणाले. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं.

भुयारात मावशींनी दोघांचेही बिल्ले स्वतःच्या पर्समध्ये ठेवले. ह्यांच्याकडे दिलेली वस्तू परत येत नाही, चाळीस वर्षांचा अनुभव. ते तिनं पाहिलंही होतं. पाहून हसली होती.

साडेपाचला सगळे वर आले. गर्दी, फोटो, कुणाची छत्री कुणाकडे. बिल्ले खणखण वाजत खिळ्यांवर चढले. तिनं पाटी बघितली. चार ओळी, सात सात. भरलेली. तिची नजर पायऱ्यांकडे गेली, खालच्या मिणमिणत्या दिव्यांकडे. उद्या, ती मनात म्हणाली. उद्यापासून नक्की. तिनं दिव्यांचा खटका खाली ओढला आणि घंटेची तार दोनदा ओढली. थोड्या वेळानं जमिनीखालून घरघर आली. दार उघडत होतं.

पर्समधून किल्ली काढून ती कुलूप लावणार, तोच मावशी समोर.

"अहो ताई, हे दिसले का कुठे?"

"बाहेर आले असतील ना. बिल्ला आहे इथं."

"मलाही वाटलं पुढे गेले. रुसले होते माझ्यावर, म्हटलं परतीच्या बोटीत जागा धरायला गेले असतील. पण बोटीवर नाहीत. पुतळ्याशी नाहीत."

"मावशी, त्यांचा बिल्ला कुणी टांगला?"

"मीच की. दोन्ही माझ्याच पर्समध्ये होते."

जमिनीखाली घरघर चालूच होती.

मग तिनं घंटेची तार धरली आणि सोडलीच नाही. लांब, सलग घंटा म्हणजे दार बंद करा. पण चाकाला एकशे चाळीस फेरे, आणि काकांचं वय सत्तरीला टेकलेलं. तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीला ती ओरडली, आयुष्यात पहिल्यांदा कर्ण्याशिवाय ओरडली, "अग्निशामकला फोन कर! आत माणूस आहे!"

"पंधरा मिनिटं म्हणतायत, ताई!"

दिव्यांचा खटका तिनं वर करून बघितला. ठिणगी उडाली आणि तो आपोआप खाली पडला. तारांना पाणी लागलं होतं. मावशींनी तिचा दंड घट्ट धरला. "ताई, त्यांना पोहता येत नाही हो. त्यांना ऐकूही येणार नाही. हाक मारून काय करणार तुम्ही?"

तिनं खिळ्यावरची बॅटरी काढली, चपला पायऱ्यांवर सोडल्या आणि उतरली.

पहिला दिवा, दुसरा, तिसरा. विझलेले दिवे ती बॅटरीच्या उजेडात मोजत होती. हवा गार होत चालली होती आणि तिला ओल्या गाळाचा वास येत होता. सातव्या दिव्यापाशी पाणी तिच्या घोट्याला लागलं आणि तिचे पाय थांबले. तिनं थांबवले नव्हते, ते आपणहून थांबले, मालकाचं न ऐकणाऱ्या बैलासारखे. कानाशी श्वास सुरू झाला. तोच, दोन वर्षांपूर्वीचा. वाटलं, आता इथेच खाली बसावं, डोळे झाकावे, काय व्हायचं ते होऊ दे.

"देवा," ती म्हणाली, "मला धीर देऊ नकोस हवं तर. पाय दे."

आणि मोठ्यानं मोजायला लागली. एक, दोन, तीन. प्रत्येक आकड्याला एक पाऊल. आठव्या दिव्याशी पाणी पोटरीला. नवव्याशी गुडघ्याला, आणि साडी पायांना गुंडाळायला लागली. ती तिनं वर खोचली. दहाव्याशी समोरून पाण्याचा एक लोट आला आणि तिला भिंतीवर आदळून गेला. बॅटरी हातातून सुटता सुटता राहिली. एकवीस झाले. तिनं परत एकपासून सुरुवात केली.

अकरावा दिवा. पाणी कमरेला. समोर दाराची काळी चौकट आणि तिच्यातून आत घुसणारी नदी. कुणी नाही.

"काका!" तिनं हाक मारली. "मुकादम काका!" पाण्यानं हाक गिळून टाकली. ऐकणार तरी कोण? यंत्र तर खिशात.

मग तिला कोठी आठवली. डाव्या हाताला, चार पायऱ्या चढून, पूर्वी दोरखंड ठेवायची खोली होती. फेरीत ती कधी तिकडे नेत नसे. पण तिची कमान मात्र अख्ख्या भुयारात सगळ्यांत सुबक होती. दगड बघणारा माणूस कुठे रेंगाळेल?

तिनं उजेड तिकडे फेकला. तीन पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. चौथीवर, गुडघे छातीशी घेऊन, मुकादम बसले होते. एका हातानं कमानीचा दगड धरलेला. उजेड डोळ्यांवर पडताच त्यांनी तळहात आडवा धरला.

"आली का लाईट?" ते म्हणाले. "म्हटलं अंधारात धडपडण्यापेक्षा बसून राहावं. येईल कुणीतरी." मग त्यांचा आवाज चिरकला. "पण हे पाणी कुठून आलं, ताई?"

ती त्यांच्यापर्यंत पोहोचली. बोलून उपयोग नव्हता, म्हणून तिनं त्यांचा तळहात स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि वर दोनदा थोपटलं. सोडू नका. दोघं पाण्यात उतरली. वाटेत कुठेतरी, नवव्या दिव्याच्या आसपास, पायाखालची घरघर थांबली. दार मिटलं होतं. पाणी आता वाढत नव्हतं, नुसतंच तिच्या गुडघ्यांभोवती घुटमळत होतं. खोपटात काकांनी एकशे चाळीस फेरे पुरे केले होते.

वर आल्यावर मावशींनी यजमानांच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या. "कमान बघत बसला होतात! कमान!" आणि मग त्यांच्या ओल्या शर्टात तोंड खुपसून रडल्या. मुकादमांना काहीच ऐकू येत नव्हतं, तरी ते "हो, हो" म्हणत राहिले.

चाकवाले काका धापा टाकत आले. तळहातांची सालपटं निघालेली. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "दोनदा वाजवली होतीस, भोंगाताई."

"हो, काका."

"मी उघडलं."

"तुमची चूक नाही. माझी आहे."

ऑफिसात साहेबांसमोर तिनं तेच सांगितलं. "मी खाली बघायला गेले नव्हते. आजच नाही, गेली दोन वर्षं." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आठवडाभर भुयार बंद ठेवलं. तिला लेखी ताकीद मिळाली. नवीन पाटी लागली, की प्रत्येकानं आपला बिल्ला आपल्याच हातानं टांगावा. चांगलीच पाटी होती. पण कमी पडलं होतं ते पाटीवर लिहिण्यासारखं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

रविवारी ती तिसरा मजला चढली, तेव्हा प्रत्येक पायरी भुयाराची वाटत होती. मोठ्या बाई उशीला टेकून संत्रं सोलत होत्या.

"ये. शेवटपर्यंत जातेस ना गं?"

"नाही, बाई. जात नव्हते."

बाईंचा हात थांबला. तिनं सगळं सांगितलं, पहिल्या अंधारापासून. सांगून झाल्यावर बाईंनी संत्र्याची एक फोड तिच्या हातावर ठेवली.

"भीती वाटते?"

"फार."

"मलाही वाटायची. बत्तीस वर्षं वाटली."

तिनं वर बघितलं.

"अगं, हाक मारायची ती आतल्या माणसासाठी," बाई म्हणाल्या. "एकवीस आकडे माझ्यासाठी होते. तेवढे म्हणेपर्यंत पाय ठिकाणावर यायचे. मला वाटलं तुला कळलं असेल, म्हणून सांगितलं नाही. तेवढी चूक माझी." त्यांनी बिया बशीत काढल्या. "बाकीची तुझी. आता?"

तिनं फोड तोंडात टाकली नाही, नुसती धरून राहिली. "आता जाईन. शब्द देते परत."

"शब्द एकदा दिलाय. तोच पाळ. नवा कशाला?"

भुयार उघडलं त्या दिवशी शेवटच्या फेरीला एकोणीसच माणसं होती. साडेपाचला एकोणीस बिल्ले खिळ्यांवर चढले. प्रत्येकाचा चेहरा तिनं स्वतः बघितला, मग परत बघितला. लोक पांगले. काका खोपटातून खाली आले होते.

"मी येऊ का बरोबर?"

"नको, काका. तुम्ही चाकापाशी थांबा. घंटेची वाट बघा."

"सगळे आलेत की. मीसुद्धा मोजले. आता आत कोण असणार?"

चपला काढून तिनं पायरीच्या कडेला जोडून ठेवल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. भीती होतीच. तिला तशीच बरोबर घेऊन, एक हात भिंतीला लावून, ती हळूहळू पहिल्या दिव्याकडे उतरली.