कलकत्त्याची प्रत

माझ्या वडिलांनी, म्हणजे शेंदूरजनाघाटच्या खुशालरावांनी, आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, तेही संत्र्याच्या कलमांवर. जंभेरी लिंबाच्या खुंटाला चीर कशी द्यावी, त्यात संत्र्याचा डोळा कसा भरावा, पट्टी कशी बांधावी, सगळं त्यात होतं. अमरावतीच्या छापखानेवाल्यानं सांगितलं, की छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कायद्यानं कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवावी लागते. बाबांना त्यातला कायदा दिसला नाही, मान दिसला. घरात पेढे वाटायच्या आत त्यांनी प्रत पोस्टात टाकली आणि गावभर सांगत सुटले.

आमच्याकडे कलमं बांधणाऱ्या नत्थुजींनी मात्र पुस्तक सगळं वाचून काढलं. आमच्या बागेतला एकूण एक डोळा नत्थुजींनी भरलेला. बाबांनी कलमाचा चाकू कधी हातात धरला नाही. तरी पुस्तकात पानोपानी ‘आम्ही डोळा भरतो’ असं होतं, आणि नत्थुजींचं नाव कुठंच नव्हतं.

“भाऊ, पुस्तक झकास झालं,” नत्थुजी म्हणाले. “माह्या हातचं काईच सुटलं नाई. माहं नावच तेवढं सुटलं.”

बाबा गोरेमोरे झाले. “गावात तं सगळ्याइले मालूम हाय, नत्थुजी!”

“गावाले मालूम हाय. कलकत्त्याले कोन सांगन?”

बाबांची झोपच उडाली. वाटलेल्या प्रती त्यांनी घरोघर फिरून परत मागितल्या आणि प्रत्येकीत पेनानं नत्थुजींचं नाव लिहिलं. लोक हसले. उरली फक्त कलकत्त्याची प्रत. पंचाहत्तरी उलटलेला माणूस एक नाव लिहायला हावड्याच्या गाडीत बसणार म्हटल्यावर मी चिडले. मी अकोल्याला जठारपेठेत राहते, शाळेत शिकवते. रजा काढून सोबत जाणं शेवटी माझ्याच गळ्यात पडलं.

ग्रंथालयातल्या मराठी विभागाच्या बाईंनी पुस्तक आणून टेबलावर ठेवलं. शिक्का मारलेलं, अजून कोरं करकरीत. बाबांनी ते दोन्ही हातांनी उचललं, त्यांचे डोळे भरून आले आणि लगेच त्यांनी खिशातून पेन काढलं.

बाईंनी पानावर हात ठेवला. “काका, इथं पेन चालत नाही. पुस्तक जसं आलं तसंच आम्ही ठेवतो.”

“पन हे खोटं हाय.”

“तरी तसंच राहील. दुसरी आवृत्ती काढून पाठवा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवू.”

“आन् हे कदीच काढनार नाई?”

“कधीच नाही.”

परतीच्या गाडीत बाबा नागपूर येईपर्यंत ते पेन हातात फिरवत बसले. मला त्यांची फार दया आली.

त्यांनी दुसरी आवृत्ती काढायला घेतली. मुखपृष्ठावर ठळक नत्थुजी, खाली बारीक अक्षरांत ‘लेखन : खुशालराव’. पण छापायला जाण्याआधी मी पहिलं पान वाचलं आणि भडकले. तिथं लिहिलं होतं : ‘पहिल्या आवृत्तीत हे नाव मी गाळलं. काम त्यांचं होतं, मिरवलं मी.’

“बाबा, नाव आलं ना आता? मग हे उकरून कशाला काढायचं?”

“चंदे, तिथं दोनी पुस्तकं बाजू-बाजूनं राहतीन. वाचनाऱ्याले वाटन, पयलं पुस्तकच खरं, नत्थुजी मांगून चिकटवला.”

मी शिक्षिका असून मला हे सुचलं नव्हतं.

पुस्तकं आली तेव्हा नत्थुजींना ओसरीवर बोलावून बाबांनी एक प्रत त्यांच्या हातात दिली. मुखपृष्ठावरच्या नावावरून त्यांनी बोट फिरवलं. मग पहिलं पान वाचलं, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“भाऊ, हे खोडा,” ते म्हणाले. “आपुन दोघंई गेल्यावर लोक तुमाले बोलतीन.”

बाबांनी खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढं धरलं.

“गावातल्या प्रतीतलं खोडा तुमी, माही ना नाई. कलकत्त्याची म्या कालच पाठवली. तिथं पेन चालत नाई.”