एका आडनावाची मांडणी

मित्रांनो, तुम्ही घाबरू नका. घाबरण्याचे काम माझ्याकडे आहे आणि ते मी जन्मापासून मन लावून करत आले आहे. मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात, मागच्या दाराजवळच्या भिंतीला पाठ टेकून मी उभी असते. सुताराने पहिला खिळा ठोकला तेव्हा मी घाबरले. भिंतीला ओल आली तेव्हा घाबरले. वाळवीचे नाव ऐकले तेव्हा तर माझ्या फळ्यांना घाम फुटला. पण खरी भीती काय असते, ते मला फार उशिरा कळले.

मला बनवून घेतले थोरल्या ग्रंथपालांनी. माणूस मोठा विक्षिप्त. इतर ठिकाणी पुस्तके विषयाप्रमाणे लावतात, यांनी ती आडनावाप्रमाणे लावली. एका आडनावाची सगळी माणसे एका मांडणीवर, मग त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसला तरी चालेल! माझ्या कपाळावर त्यांनी एक पितळी पाटी ठोकली आणि तिच्यावर एक आडनाव कोरून घेतले. ते आडनाव गल्लोगल्ली सापडणारे, त्यामुळे बघता बघता माझ्याकडे गर्दी झाली.

वरच्या फळीवर धूमकेतूंचा माग ठेवणारे एक गृहस्थ होते. त्यांना खेटून दोरांच्या गाठींवर जाडजूड ग्रंथ लिहिणारा खलाशी. मधल्या फळीवर हातांच्या हाडांचे नामांकित शल्यवैद्य, त्यांच्या शेजारी तुरुंगांचा इतिहास लिहिणाऱ्या बाई, आणि त्या बाईंच्या अंगावर खुशाल रेललेली एका न्यायाधीशाची खासगी पत्रे. कुणी कुणाच्या नात्यातले नव्हते. धूळ झटकताना थोरले ग्रंथपाल म्हणत, "आडनाव एक असलं म्हणून काय झालं? बिऱ्हाडं वेगळी आहेत. प्रत्येकाला आपापलं दार हवं." म्हणून ते प्रत्येकाच्या पाठीवर पूर्ण नावाची चिठ्ठी चिकटवत. अभ्यासक माझ्यासमोर थांबत, हसत, आणि आले होते त्यापेक्षा भलतेच पुस्तक घेऊन जात. तेव्हा माझे फार कौतुक व्हायचे.

तळाच्या फळीवर निळ्या कापडात बांधलेले एक गाठोडे होते. ज्या बाईंनी ते आणून ठेवले, त्या तरुणपणी कापडाच्या गिरणीत मागावर काम करत. तिथे यंत्रांचा खडखडाट असा, की कानाशी ओरडले तरी ऐकू येत नसे. म्हणून गिरणीतल्या बायका हातांनी बोलत. धागा तुटला, मुकादम आला, पोटात दुखते आहे, घरी मूल तापाने फणफणले आहे, सगळे हातांनी. पुढे त्या बाई शिकल्या. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी जुन्या मैत्रिणींना शोधून काढले आणि तो एकेक हात कागदावर उतरवला. अर्थ मात्र त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला लिहिला. आधी हात बघून ओळखून दाखवा, मग कागद उलटा, असा त्यांचा हट्ट. "अजून काही हात राहिलेत, मग शीर्षक घालीन," असे म्हणून त्या निघून गेल्या. त्या गाठोड्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

वर्षे सरली. थोरले ग्रंथपाल निवृत्त झाले आणि काही काळाने गेले. माझ्याकडे कुणी फिरकेना. गाठोड्यावरची चिठ्ठी कसरीने कुरतडली. आडनाव आणि नावाचे पहिले अक्षर तेवढे उरले. नेमके तेच अक्षर शल्यवैद्यांच्या, धूमकेतूवाल्या गृहस्थांच्या आणि खलाशाच्याही नावाचे होते. तेव्हा मला त्याचे काहीच वाटले नाही.

मग नव्या ग्रंथपाल बाई आल्या. बाई कामाला वाघ होत्या, मनानेही चांगल्या, फक्त धुळीने त्यांना सटासट शिंका येत. त्यांनी सगळे ग्रंथालय संगणकात घालायला घेतले. घाई होती, म्हणून त्यांनी आडनाव आणि एक अक्षर एवढेच टाकायचे ठरवले. संगणकाला बिऱ्हाडे काय कळणार? त्याने त्या अक्षराच्या सगळ्यांना एकाच माणसात कोंबून टाकले. पडद्याकडे बघून बाई शिपायाला म्हणाल्या, "काय गृहस्थ असतील हो! हाडं जोडायचे, धूमकेतू बघायचे, वर दोराच्या गाठी मारायचे. जेवायला कधी बसत असतील?"

दोघेही हसले. मला मात्र थोरल्या ग्रंथपालांची बिऱ्हाडे आठवली.

मग माझी माणसे पांगली. धूमकेतू एका दालनात गेले, तुरुंग दुसऱ्यात. जे दुहेरी किंवा कच्चे वाटले ते रद्दीच्या पोत्यांत गेले. शेवटी बाईंनी निळे गाठोडे सोडले. वर हात, खाली हात, पानोपानी हात. त्यांनी चिठ्ठी पाहिली, पडदा पाहिला.

"ही त्या हाडांच्या पुस्तकाचीच कच्ची चित्रं. पुस्तक छापून झालंय, मग हा पसारा कशाला?"

त्यांनी वरचे काही कागद चाळले, पण एकही उलटून पाहिला नाही. शिपायाने गाठोडे पोत्यात घातले आणि पोते मागच्या दाराशी टेकवले. "ही रिकामी मांडणीही पुढच्या फेरीला देऊन टाकू," बाई जाता जाता म्हणाल्या. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, आधी मला माझीच काळजी वाटली. पण नजर सारखी त्या पोत्याकडे जाऊ लागली. ओरडावे तर तोंड नाही, अडवावे तर हात नाहीत. रद्दीची एक गाडी आधीच भरून गेली होती. दुसरीची घंटा रस्त्यावर वाजली की माझा जीव टांगणीला लागे.

ती गाडी ज्या सकाळी दाराशी येऊन उभी राहिली, त्याच सकाळी गाठोडेवाल्या बाईंची लेक आली. केस विस्कटलेले, डोळे जागरणाने सुजलेले. तिने आईचे नाव सांगितले. ग्रंथपाल बाईंनी पडदा पाहून मान हलवली.

"या आडनावाच्या, या अक्षराच्या बाई नाहीत आमच्याकडे. एकच गृहस्थ आहेत."

"अहो, असं कसं होईल? आईनं स्वतः इथं ठेवलंय. गिरणीतल्या हातांची चित्रं." लेक टेबलावर वाकली. "आईला झटका आलाय. वाचा गेली. एक हात तेवढा हलतो. दिवसभर एकच खूण करते आणि मला काही कळत नाही. डॉक्टर म्हणतात, सवयीनं हलत असेल हात. पण तिचे डोळे बघा हो! इतकी भेदरलेली आई मी कधी पाहिली नाही. लहानपणी ती मला या खुणा शिकवायला बसायची, आणि मी खेळायला पळून जायचे."

बाहेर पोती ओढल्याचा आवाज येत होता. माझ्या सांध्यासांध्यातून कळ गेली. अगं, मागच्या दाराकडे बघ, असे मी किती आकांताने मनात म्हणाले!

"कसली खूण?" बाईंनी विचारले.

लेकीने अंगठा मुठीत दाबला आणि ती मूठ दोनदा खांद्यावर टेकवली.

ग्रंथपाल बाई खुर्चीतून उठल्या. "ही मूठ मी पाहिलीय. मला वाटलंही होतं, हाडांच्या पुस्तकात अंगठा लपवतात कशाला म्हणून…" आणि त्या मागच्या दाराकडे धावत सुटल्या.

दाराबाहेरचे मला दिसत नव्हते. नुसते ऐकू येत होते. "थांबा, थांबा!" मग रद्दीवाल्याचा वैतागलेला आवाज, "बाई, वजन झालंय, गाडीत चढलंय." मग गाडी निघाल्याचा खडखडाट. मित्रांनो, त्या वेळी वाळवी लागली असती तरी मला कळले नसते. खडखडाट थोडा पुढे गेला आणि थांबला. बऱ्याच वेळाने दोघी आत आल्या. दोघींनी मिळून एक पोते ओढत आणले होते. शिंकांना न जुमानता बाईंनी ते माझ्या पायाशी रिकामे केले. जमिनीवर हातच हात पसरले. लेक गुडघ्यांवर बसून एकेक चित्र बघू लागली.

अखेर ती मूठ सापडली. लेकीने कागद उलटला आणि आईचे अक्षर मोठ्याने वाचले.

"यंत्राचा पट्टा तुटला किंवा दिवे गेले, तर शेजारच्या मागावरच्या बाईला करायची खूण. जागची हलू नकोस. मला भीती वाटते. माझ्याजवळ थांब."

मग लेक हुंदका देत म्हणाली, "आणि तिनं हात हलवला की मी उठून धावते. कधी पाणी आणायला, कधी उशी, कधी डॉक्टरांना बोलवायला. दर वेळी तिला एकटीला टाकून जाते हो मी."

ती उठली आणि तशीच पळाली. "अहो, कागद तरी घेऊन जा!" बाई ओरडल्या, पण ती कधीच रस्त्याला लागली होती.

काही आठवड्यांनी ती परत आली, आईला करून दाखवायला बाकीच्या खुणा बघून जाव्यात म्हणून. म्हणाली, "आता तिनं मूठ खांद्याला लावली की मी जागची हलत नाही. हात धरून बसते. मग ती झोपते."

ग्रंथपाल बाईंनी संगणकातले ते एक गृहस्थ पुन्हा वेगवेगळे केले. कागद उलटून बघितल्याशिवाय आता त्या काहीही पोत्यात टाकत नाहीत. गाठोडे माझ्या तळाच्या फळीवर आले आहे, नव्या चिठ्ठीसह, पूर्ण नावाने. पण त्याआधी भरून गेलेल्या गाडीत कुणाचे काय गेले, ते कुणालाच सांगता येत नाही. कुणाची तरी लेक वाट चुकत अजून यायची असेल, या विचाराने मी हादरते.

रद्दीची घंटा आजही या रस्त्यावरून जाते. मला काढून टाकण्याचे पुढे काय ठरले, तेही कुणी सांगितलेले नाही. म्हणून विनवते, मित्रांनो, नाव सारखे दिसले म्हणून माणसे एकात एक कोंबू नका, आणि टाकण्याआधी कागद एकदा उलटून बघा. मला मूठ नाही आणि खांदाही नाही. पण माझ्यासमोरून जाल तेव्हा समजा, की मी ती खूण केली आहे.