घळीसमोरची सोंड

गेल्या उन्हाळ्यात रानाला वणवा लागला, तेव्हा मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याला धूर दिसायला तासभर लागला. तोवर घळीतली तीन घरं बेचिराख झाली होती, आणि गुरं सोडवायला गेलेला एक माणूस परत आला नव्हता. तो पहारेकऱ्याचाच धाकटा भाऊ.

या पहारेकऱ्याची नजर इतकी तिखट, की सगळे त्याला घार म्हणत. पण चौकशी समितीने बेधडक लिहिलं, ‘ड्युटीवर डुलकी लागली असावी.’ त्या अहवालाला मनोऱ्याचा नकाशा जोडायचा होता. नकाशा केला होता वन कचेरीतल्या नकाशेवाल्या बाईंनी. मनोऱ्याची जागाही त्यांनीच ठरवलेली. उंचीचे आकडे कॉम्प्युटरला देऊन, कुठल्या माथ्यावरून किती रान दिसतं ते त्यांनी काढलं होतं. सगळ्यात उंच माथा पहिला आला. घळ ‘दिसते’ असंच उत्तर होतं.

सही करायला उचललेलं पेन बाईंनी परत खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मनोरा चढल्या.

“काका, घळ कुठे?”

“ती काय, झाडांच्या मागे.” घारने बोटही नीट उचललं नाही.

समोर उंच झाडांची भिंत उभी होती. ते आकडे उघड्या जमिनीचे होते. त्यांत झाडं नव्हतीच. हे त्यांना ठाऊक होतं. एकदा वर जाऊन बघायचं, असं वहीत लिहूनही ठेवलं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता मनोरा उभा राहिला.

“तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?”

“दोनदा सांगितलं. साहेब म्हणाले, कॉम्प्युटरला दिसतं आणि तुला दिसत नाही? डोळे तपासून घे.”

बाईंनी खाली येऊन झाडांची उंची धरून हिशेब नव्याने मांडला, आणि या वेळी घरं दिसलीच पाहिजेत अशी अट घातली. माथा बाद झाला. घळीसमोर उतरलेली डोंगराची बुटकी सोंड पुढे आली.

साहेब वैतागले. “अहो, इथून रान निम्मंच दिसतंय!”

“पण माणसं सगळी दिसतात. बाकीच्या रानासाठी माथ्यावरचा मनोरा आहेच.” बाईंनी दुसरा कागद पुढे सरकवला. “आणि हे समितीसाठी माझं निवेदन. चूक पहारेकऱ्याची नाही, माझी आहे.”

“स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय.”

“पडू दे.”

घारवरचा ठपका पुसला गेला. बाईंची बढती गेली, बदलीचा हुकूम आला. जायच्या आधी त्या सोंडेवर नव्या मनोऱ्याच्या जागेची खूण करायला गेल्या. घार मोजपट्टी धरायला आला.

वर पोचल्यावर तो बराच वेळ घळीकडे बघत राहिला. जळक्या भिंती एकेक करून मोजता येत होत्या.

“इथून धाकटा दिसला असता,” तो म्हणाला.

“हो, काका.” माफी तरी काय म्हणून मागणार?

घारने मोजपट्टी गुंडाळली. “मी तुम्हाला माफ केलेलं नाही बाई. पण समितीपुढे खरं बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच.” मग तो खाली बसला, दगड उचलून त्याने खुणेची खुंटी जमिनीत ठोकायला घेतली. बाईंनी ती दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवली.