कार्त्यायनीचं पहिलं लगन

मारोतरावांनी बायको पडद्यावरून उतरवून आणली, असं आसेगावात म्हणत. म्हणणाऱ्यांपैकी कोणी तो पडदा पाहिला नव्हता, म्हणून त्यांना खात्री जास्त होती.

लढाई संपली तरी मारोतराव कोचीला लष्करी गोदामावर पहारेकरी म्हणून राहिले होते. इकडे गावात त्यांची बायको तापाने गेली, तिकडे थेटरात त्यांनी एक मल्याळी बोलपट पाहिला. एक अक्षर कळलं नाही. म्हणून तो आणखी दोनदा पाहिला, आणि तिसऱ्या खेपेला न कळताच ठरवलं की लगन करीन तर हिच्याशी.

ही म्हणजे कार्त्यायनी. नवव्या वर्षी नाटक कंपनीत शिरली. आधी कृष्ण झाली, मग राधा झाली, आणि अंग भरल्यावर कृष्णाची आई झाली. सिनेमात गेली तेव्हा बावीस वर्षांची होती, आणि तिथे थेट नायकाची आई. पडद्यावरचा तिचा थोरला मुलगा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा होता आणि दुपारच्या सुट्टीत तिला पोरी म्हणून हाक मारायचा. नायिकेचं काम तिला एकदाच मिळालं, तेही ठरलेल्या नटीला गोवर आला म्हणून. नेमका तोच बोलपट मारोतरावांनी पाहिला. त्यानंतर पुन्हा आई, मग मोठी आई, आणि पुढच्या वर्षी आजीचं काम आहे असं कंपनीने कळवलं, त्याच आठवड्यात मारोतराव दारात उभे राहिले. मोडक्या हिंदीत म्हणाले, "घर में दस साल की पोरगी हाय. रुपा नाम हाय." कार्त्यायनीने विचार केला, इतक्यांची आई झालो, एकदा खरी होऊन पाहू.

कारंज्याच्या देवळात लग्न झालं. अग्नी होता, सप्तपदी झाली, जातीला जेवण घातलं. पंच जेवले आणि लाडू बरे आहेत म्हणाले. तेव्हापासून पाच-सहा वर्षं ती आसेगावात होती. वऱ्हाडी बोलायला शिकली, शेतात निंदायला शिकली, आणि रुपा तिला माय म्हणू लागली. बाकी गावाने तिचं नाव मद्रासीन ठेवलं. कोची म्हणजे मद्रास नव्हे, हे तिने सासूला, मनकर्णाबाईंना, एकदा समजावून पाहिलं.

"असंन," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तरी तू मद्रासीनच."

सत्तावन सालच्या वैशाखात रुपाचं लग्न करायचं ठरलं. मुलगा कारंज्याकडचा. कार्त्यायनीला हवं होतं ते एवढंच, की मारोतरावांच्या शेजारी पाटावर बसून आपल्या हातून कन्यादान व्हावं. जाऊ प्रयागबाई हिचा डोळाही त्याच पाटावर होता.

"नाचणारीच्या हातचं कन्यादान," प्रयागबाई विहिरीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "व्याही काय म्हनतीन?"

त्याआधी फाल्गुनात खळ्यांवर रामधनचा सिनेमाचा तंबू लागला. रामधन धंद्याचा माणूस. तो घरी आला आणि म्हणाला, "बाई, तुमचा कोन्ताबी एक सिनेमा सांगा. मी मद्रासवरून रिळाच्या पेट्या मागवतो. आपल्या गावची सून पडद्यावर! लोक आसेगावात मावनार नाईत."

कार्त्यायनीला वाटलं, बरं झालं. गाव एकदा पाहील, मग बोलणार नाही. एका बोलपटात ती दरबारात नाचली होती, तो तिने सोडला. एकात नवऱ्याला विष घातलं होतं, तोही सोडला. निवडला तो नायिकेचा. साधी, सोज्वळ, नवऱ्यासाठी देवाशी भांडणारी पतिव्रता. नाचाचा निवडला असता तर वाचली असती.

सिनेमा परभाषेतला असला की तंबूत कोणीतरी भोंग्यावरून गोष्ट समजावून सांगायचं, अशी रीत होती. खेळाच्या दिवशी दिवेलागणीला रामधनने भोंगा तिच्याच हाती दिला. सगळं गाव आलं. मनकर्णाबाई बायकांत पुढे बसल्या, प्रयागबाई त्यांना टेकून.

पडद्यावर लग्न लागलं. होम पेटला, गोविंदन नावाच्या नटाने तिच्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं. कार्त्यायनीला तो दिवस आठवून इतका अभिमान वाटला की गोष्ट सोडून ती भोंग्यात बोलून गेली, "आन हा भटजी खरा हाये बरं का! नटायले मंत्र येत नव्हते, म्हनून देवळातला आनला. मंत्र सगळे खरे. एक बी गाळला नाई."

पुढे नवरा मेला, ती रडली, तंबू रडला. प्रयागबाईने तर पदराचा बोळा करून तोंडात धरला. कार्त्यायनीला वाटलं, जिंकलं.

परतताना मनकर्णाबाईंनी विचारलं, "मंगळसूत्र?"

"तेबी खरं, आत्याबाई," ती उत्साहाने म्हणाली. "डायरेक्टरच्या बायकोच्या गळ्यातलं काढून आनलं होतं."

सकाळी मारोतीच्या पारावर पंच बसले. मुख्य पुंजाजी. त्यांनी घसा साफ केला आणि मारोतरावांना विचारलं, "तुई बायको आमी काल पायली. तिचं लगन लागलं. लागलं का नाई?"

"सिनेमात लागलं."

"भटजी खरा?"

"ती म्हनते त असंन."

"आन तुनं हे लगन पायलं होतं, तिले कराच्या आंधी?"

मारोतराव खरं बोलणारा माणूस. "तीनदा पायलं," ते म्हणाले.

"तीनदा!" पारावरच्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

कार्त्यायनी बायकांतून पुढे आली. "अवो पुंजाजीमामा, ते काम होतं! त्या गोविंदनची घरी बायको हाये. चार लेकरं हायेत."

"मंग त अजूनच वाईट," पुंजाजी हळहळले. "सवतीवर देलं तुले?"

"मले कोनं देलं नाई! पाचले शूटिंग संपलं, मी मावशीच्या घरी जाऊन जेवली."

"नांदली नाई म्हंते. पन लगन त लगनच. त्यानं सोडचिठ्ठी देली का?"

"कोनं?"

"नवऱ्यानं."

तेवढ्यात प्रयागबाई मागून ओरडली, "सोडचिठ्ठी कायची, तो मेला ना! आमी सगळ्यायनं पायलं. मी किती रडली!"

पंचांनी माना डोलावल्या. हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. नवरा मेला म्हणजे बाई विधवा. विधवेला दुसरा घरोबा करायची जातीत मुभा होती, पण त्याला लगन म्हणत नाहीत, पाट म्हणतात. पाटाची बायको घरात राहते, रांधते, शेतात राबते, पोरं वाढवते. फक्त मांडवात हळदीला हात लावत नाही आणि कन्यादानाला बसत नाही.

"पन हिचा पाट नाई झाला, लगन झालं," एक पंच म्हणाला. "आपन लाडू खाल्ले."

"चुकून झालं," पुंजाजी म्हणाले. "पाट धरून चालू."

अशा रीतीने कार्त्यायनी एका सकाळीत दुसऱ्याची बायको, मग विधवा आणि मग पाटाची झाली. कंपनीतसुद्धा इतकी कामं एका दिवसात कोणी दिली नव्हती. तिने मारोतरावांकडे पाहिलं. ही माझी लगनाची बायको आहे, एवढं एक वाक्य त्यांनी म्हणायचं होतं. मारोतराव टोपी काढून आत काही आहे का ते पाहू लागले.

घरी आल्यावर तिने विचारलं, "बोलले काहून नाई?"

ते बैलाचं दावं वळायला बसले. मग म्हणाले, "मंगळसूत्र बांधते वक्ती तुनं त्याच्याकडं जसं पायलं, तसं माझ्याकडं कदी पायलं नाई."

"त्याच्याकडं कुठी? मी कॅमेऱ्याकडं पायलं."

"मंग कॅमेऱ्याचं नशीब," मारोतराव म्हणाले आणि दावं घेऊन गोठ्यात गेले.

वैशाखात लग्न लागलं. पाटावर मारोतरावांशेजारी आपल्या नवऱ्याची परवानगी घेऊन प्रयागबाई बसली. रुपाच्या हातावर पाणी सोडताना ती इतकी खुशीत होती की अर्धं पाणी भटजीच्या धोतरावर गेलं. कार्त्यायनी मांडवामागे चुलाण्यावर बुंदी पाडत होती. मंत्र तिला ऐकू येत होते. भटजीने दोन गाळले, हे फक्त तिच्या लक्षात आलं.

पाठवणीच्या वेळी भलतंच झालं. रुपा गाडीशी उभी राहिली आणि कोणी रडेना. प्रयागबाईने डोळे चोळले, लाल केले, पण पाणी काही येईना. मनकर्णाबाईंचे डोळे तर मोतीबिंदूपासून कोरडेच होते. वऱ्हाडातल्या बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या. "पोरगी जड झालती वाट्टे यायले," त्यांतली एक म्हणाली, आणि घराची अब्रू मांडवाबाहेर निघाली.

मनकर्णाबाई तरातरा चुलाण्यावर आल्या. "चाल वो, मद्रासीन. रड."

"पाटाच्या बायकोचं रडनं चालते, आत्याबाई?"

"रडाले कायची मनाई? पंचायनं काई म्हनलं नाई. चाल लवकर, बैल जुंपले."

कार्त्यायनीने हाताचं बेसन पुसलं, पदर नीट केला आणि गाडीशी गेली. रुपाचं तोंड ओंजळीत धरलं आणि रडली. अशी रडली की वऱ्हाडातल्या बायका रडल्या, वाजंत्री रडले, पुंजाजींनी टोपीने नाक पुसलं. मनकर्णाबाई व्याहिणीला अभिमानाने म्हणाल्या, "सिनेमात होती ना."

तेवढ्यात खुद्द व्याही धोतर सावरत काट्याच्या कुंपणामागून आले. त्यांना यायला जरा उशीर झाला होता. "काय झालं? सगळे कायले रडून राह्यले?" व्याहिणीने सांगितलं. व्याही हिरमुसले. "मले नाई पायाले भेटलं," ते म्हणाले. मुलाकडचा माणूस नाराज होऊन कसं चालेल? मनकर्णाबाईंनी कार्त्यायनीच्या पाठीला बोट लावलं. "अवं, अजून एकदा."

ती अजून एकदा रडली. व्याही खूश झाले.

रुपा गाडीत चढली. बसता बसता वाकून तिने हळूच विचारलं, "माय, तू खरं रडली का वो?"

"तुले काय वाटलं?"

"मले खरं वाटलं."

"मंग झालं," कार्त्यायनी म्हणाली.

गाडी वळली तशी मांडवातून हाक आली. दोन पंगतींची भांडी पडली होती. भांड्यांबद्दल पंचांनी काही म्हटलेलं नव्हतं.